बाग क्रमांक अठराची पाटी

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. ‘मित्रांनो’ अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारते, पण माझा तुमच्यावर राग आहे, हे आधीच सांगून टाकते.

रंगाऱ्याने माझ्यावर लिहिलं होतं, ‘सार्वजनिक बाग क्रमांक अठरा. सर्वांसाठी खुली.’ ‘सर्वांसाठी’मधला रफार त्याने दोनदा गिरवला होता. मुलं माझ्या खांबाला धरून गरगरा फिरत, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. मग पाण्याचा पंप बिघडला, हिरवळ वाळली आणि तुम्ही यायचं थांबलात. समोरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानाच्या मालकाने एक गाडी झाडाखाली आणून लावली, ‘दोनच दिवस’ म्हणून. कोणी चकार शब्द काढला नाही. एकीच्या वीस गाड्या झाल्या. पुढे झाडं गेली, डांबर आलं. मला उपटून गटारावर पालथं घातलं. सात वर्षं पाठीवरून चाकं आणि तोंडाखालून घाण!

मग एके सकाळी एक नर्सबाई वडिलांना घेऊन आल्या. त्या आजोबांचा खुबा मोडला होता. ‘रोज चाला, नाहीतर पाय कायमचे जातील,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रस्त्यावर ट्रकांची रांग. म्हणून बाईंनी सरकारच्या संकेतस्थळावरून सार्वजनिक बागांची यादी उतरवून घेतली होती. ती कोणालाही मिळते. तिच्यातली एकेक बाग त्या फोनवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर मांडत होत्या. अठरा क्रमांकाची निघाली घरापासून तीनशे पावलांवर!

“इथली बाग कुठंय?” त्यांनी विचारलं.

“बाग?” मालक हसला. “बाई, डोळे तपासून घ्या.”

“सरकारी यादीत आहे.”

“यादीत काय, चंद्रही माझ्या नावावर असेल. चला, निघा! म्हाताऱ्याला घरी झोपवा.”

मागे वळताना आजोबांच्या वॉकरचा पाय माझ्या कडेच्या फटीत अडकला. ते कोसळता कोसळता वाचले. पाय सोडवायला बाईंनी मला उचललं, उलटलं, चिखल पुसला. बाप आणि लेक, दोघांनी मला वाचलं.

“टाक ते भंगार!” मालक अंगावर धावून आला.

“हात लावून बघ,” आजोबा म्हणाले आणि वॉकर मध्ये घालून उभे राहिले. ते जागचे हलले नाहीत.

बाईंनी माझा फोटो त्या नकाशावर टाकला आणि मला घरी नेलं. मी दारामागून सगळं ऐकत होते. फोनवर धमक्या आल्या. शेजारीण म्हणाली, “कशाला नसती उठाठेव?” कचेरीतला कारकून म्हणाला, “यादी चुकली असेल. दुरुस्त करू.” आणि केलीच! आठवड्याने यादीत सतरानंतर थेट एकोणीस. पण बाईंनी जुनी यादी जपून ठेवली होती. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून गल्लीभर वाटल्या. तेव्हा कुठे लोकांना जाग आली. रोज सकाळी सात वाजता चाळीस माणसं त्या गाड्यांमधून चालू लागली. पुढे वॉकर, मागे सगळे. मालक शिव्या देई, हॉर्न वाजवी. त्याची गिऱ्हाइकं पळाली. शेवटी जागा मोजायला सरकारी मोजणीवाले आले.

बागेची निम्मी जागा मालकाच्या ताब्यातून सुटली. उरलेल्या निम्म्यासाठी मालक अजून भांडतोय. डांबर उखडलंय, गवताचा पत्ता नाही. पण आजोबा तिथे रोज दहा फेऱ्या मारतात, आणि मी पुन्हा खांबावर आहे.

मित्रांनो, परवा कोणीतरी मला रंग द्यायची वर्गणी काढा म्हणत होतं. नको मला तुमचा रंग. माझी खरंच काळजी असेल, तर रोज येऊन मी खरं बोलतेय की नाही, एवढं बघत जा. मला मालकाने उपटलं खरं, पण त्याआधी मला वाचायचं तुम्हीच सोडलं होतं.