अर्ध्यावरचा काटा

मी एक जुना दाबमापक आहे आणि माझा काटा वाकडा आहे. दुसरी गोष्ट मी आपण होऊन सांगून टाकली, कारण ती सांगायला लोकांना भारी आवडतं.

मित्रांनो, कामावर मला सगळे 'गेज' म्हणतात. माझं अंग पितळेचं आहे. पोटात प्रश्नचिन्हासारखी वळलेली एक पोकळ नळी आहे. पाइपातलं पाणी तिच्यात शिरून जोर लावतं, तेव्हा ती किंचित सरळ होऊ पाहते आणि माझा काटा शून्याकडून दहाकडे सरकतो. एवढीच माझी विद्या. मला वीज लागत नाही, सेल लागत नाहीत, कौतुकही लागत नाही.

माझे पहिले मालक नळकाम करणारे मिस्त्री होते. त्यांना मी मामाच म्हणेन, कारण पुढे मला ज्या मुलीने सांभाळलं, तिचे ते मामा. एकदा शिडीवरून उतरताना मी त्यांच्या खिशातून निसटलो आणि लोखंडी बादलीच्या काठावर आपटलो. काच वाचली, पण काटा आपल्या दांडीवर थोडा फिरला. तेव्हापासून पाण्याचा थेंब नसतानाही तो शून्यावर बसत नाही. शून्य आणि एक यांच्या बरोब्बर मध्ये, अर्ध्यावर बसतो.

"भंगारात टाका आता त्याला," सोबतचा वेल्डर म्हणाला.

"मीपण एका पायाने लंगडतो. मलाही टाकतोस का?" मामा म्हणाले.

त्यांनी मला एका नव्या गेजशेजारी बसवलं आणि पंप मारला. नव्याने दोन दाखवले, मी अडीच. नव्याने सहा, मी साडेसहा. मामा म्हणाले, "दर वेळी तेवढाच चुकतो. मग अर्धा वजा केला की झालं."

पुढे मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांची पिशवी भाचीकडे आली. पिशवीत मीही होतो. तिच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं.

"लोकांचे तुंबलेले नळ काढत फिरणार का तू?"

"आई, नळ तुंबत नाहीत. मोऱ्या तुंबतात."

तिने मोऱ्या काढल्या, वॉशर बदलले, तांब्याचे पाइप जोडताना बोटं भाजून घेतली. संध्याकाळी ती खोल्या गरम करायच्या यंत्रणेचा अभ्यासक्रम करायला जाई. परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाली, कारण खोलीतून किती उष्णता निसटते या गणितात ती खिडकीच विसरली. त्यानंतर कुणाच्याही घरी गेली की ती आधी खिडक्या मोजायची, मग नमस्कार करायची. दुसऱ्या खेपेला पास झाली आणि तिला परवाना मिळाला. कामावरचे लोक तिला 'इंजिनिअरबाई' म्हणू लागले. त्या शब्दात आदर किती आणि टोमणा किती, ते मोजणारं गेज अजून निघालेलं नाही.

तिचं स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं काम एका शाळेत होतं. आठ वर्ग, प्रत्येकात गरम पाण्यावर खोली तापवणारे दोन रेडिएटर आणि जमिनीतल्या चरांतून गेलेले पाइप. चरांवर फरशी बसण्याआधी पाइपात पाणी भरून दाब चढवायचा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तासभर थांबायचं. काटा हलला नाही, तरच चाचणीच्या कागदावर सही करायची.

तिने मला पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला बसवलं. पंप मारून काटा साडेसहावर आणला आणि काचेवर नेमक्या त्या जागी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

तासाभराने काटा सव्वासहावर होता.

फरशीवाले काका आपल्याच फरश्यांच्या थप्पीवर बसले होते. ठेकेदार आला, त्याने मला टिचकी मारली आणि हसला. "अहो इंजिनिअरबाई, हा म्हातारा रिकामा असताना अर्धा दाखवतो. त्याचं काय ऐकता? उद्या फरशी बसायलाच हवी. करा सही."

"तो अर्धा जास्त दाखवतो, साहेब. रोज तेवढाच. तो अर्धा आपोआप पाव होत नाही."

"पाणी गार झालं असेल. गार झालं की दाब उतरतो."

"पाणी मी काल भरलंय. जेवढं गार व्हायचं तेवढं कालच झालं."

मग ठेकेदाराने आपलं चकचकीत, आकडे उजळणारं नवं गेज काढलं आणि पंपावर बसवलं. तिने पुन्हा दाब चढवला, व्हॉल्व्ह बंद केला. अर्धा तास झाला. त्याचा आकडा जागचा हलला नाही. मी मात्र रेघेखाली उतरलो.

"बघा," ठेकेदार म्हणाला. "आता सही करा, नाहीतर पुढची कामं दुसऱ्याला देतो. माझ्याकडे माणसांची वाण नाही."

पुढची कामं म्हणजे आणखी दोन शाळा. ती कामं गेली, तर तिला परत मोऱ्यांकडे वळावं लागलं असतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसून तिने बंद व्हॉल्व्हवर बोट ठेवलं.

"साहेब, तुमचं गेज व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे. ते फक्त पंप मोजतंय. पाइप व्हॉल्व्हच्या पलीकडे आहेत. तिकडे हा म्हातारा एकटाच आहे."

फरशीवाले काका थप्पीवरून म्हणाले, "म्हणजे भिंतीपलीकडे आग लागलीय आणि हे अलीकडे बसून सांगतायत, सगळं ठीक आहे."

ती चरांत उतरली. सांधा यंत्राने दाबून झाला की ती त्यावर निळी खूण करायची. सगळ्या सांध्यांवर खुणा होत्या. तिने खुणांवर विश्वास ठेवला नाही. एकेका सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळत ती पुढे गेली. सहाव्या वर्गात कागद ओला झाला. तो सांधा दाबलेलाच नव्हता. नुसता आतल्या रबरी कडीवर तग धरून होता. दाबायच्या आधीच तिने खूण केली होती आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला होता.

"म्हणजे चूक तुमचीच," ठेकेदार म्हणाला.

"हो, माझीच. म्हणूनच सही करत नव्हते."

फोन कुणाचा होता, ते तिने सांगितलं नाही. मी सांगतो. 'अजून किती वेळ?' असं विचारणारा फोन होता आणि तो ठेकेदाराचा होता.

तिने सांधा दाबला, पुन्हा चाचणी घेतली. पूर्ण तास मी साडेसहावरून केसभरही हललो नाही. तिने सही केली. ठेकेदाराने तोंड वाकडं केलं, पण उरलेल्या दोन शाळा तिलाच दिल्या. दुसऱ्या शाळेत त्याने आपलं गेज आणलं, तेव्हा आधी विचारलं, "हे कुठं बसवू?"

आता तिची स्वतःची पाटी आहे. कायद्याने लागतं म्हणून तिच्याकडे अचूकतेचा दाखला असलेलं नवं गेजही आहे. तरी पाइपाच्या शेवटच्या टोकाला अजून मीच असतो. मला दुरुस्त करून काटा शून्यावर आणून देतो, असं एका दुकानदाराने सांगितलं होतं. ती नको म्हणाली. मीही नकोच म्हणालो असतो.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला कोरडं ठेवा, आपटू नका, एवढं पुरे. आणि कुणालाही वाकडा म्हणून टाकून देण्याआधी दोन गोष्टी मोजा: तो किती वाकडा आहे, आणि रोज तेवढाच आहे का. तेवढ्यानेही पटलं नाही, तर मला एखाद्या पाइपावर बसवा आणि तासभर थांबा. आत्ता मी रिकामा आहे. काटा अर्ध्यावर आहे. तो तिथेच राहणार.