दोन विहिणींची हाळी

ताम्हिणीच्या खालच्या वाडीतून पलीकडच्या वाडीला निरोप द्यायचा, तर मध्ये धरणाचं पाणी. त्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद, होडी फुटून काठावर पालथी, आणि मोबाइलची रेंज नवस बोलूनही येत नव्हती. उरली हाळी. काठावर उभं राहायचं आणि गळा फाडायचा.

गोरख सकाळपासून काठावर होता. त्याची बायको सोनम पलीकडे माहेरी बाळंतपणाला गेलेली. काल तिन्हीसांजेला तिकडून एवढंच कळलं होतं, की कळा सुरू झाल्यात आणि जड जातंय. तेव्हापासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पण थोरल्यांच्या देखत बायकोची चौकशी करणारा नवरा वाडीला माहीत नव्हता. विचारायचं त्याच्या आईनं, गोजराबाईनं. सांगायचं सोनमच्या आईनं, फुलाबाईनं.

इथंच घोडं पेंड खात होतं. लग्नं साट्यालोट्याची. गोजराबाईची लेक फुलाबाईची सून, फुलाबाईची लेक गोजराबाईची. दोघी वरमाया, तेव्हा आधी बोलायचा मान दोघींचा. दोघी मुलीकडच्या, तेव्हा आधी ऐकून घ्यायचं तेही दोघींनीच.

"ओ इहीनबाई," गोजराबाईनं हाळी दिली. नेमकी तेव्हाच पलीकडूनही आली. पाण्यावर दोन्ही आवाजांची खिचडी झाली. दोघी चपापून गप्प बसल्या, दोघींनी सारखीच वाट पाहिली, आणि दोघींना एकदमच वाटलं की आता आपण बोलावं. पुन्हा खिचडी.

जमीन बघायला येऊन वाडीत अडकलेला कौस्तुभ हिंजवडीत नेटवर्कचं काम करायचा. त्याला हसू आवरेना.

"मावशी, एका तारेवर दोन मशिन एकदम बोलली की अशीच टक्कर होते. दोघं सारखंच थांबले तर पुन्हा टक्कर. म्हणून कुणी किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं. नाणं उडवा. छापा आला तर लगेच बोला, काटा आला तर थोडं थांबून."

गोजराबाईनं रुपया उडवला. काटा.

"म्हंजी म्या गप बसू आन तिला आदी बोलू दिऊ? रुपाया लई शाणा लागून गेला," म्हणत ती छापा पडेपर्यंत रुपया उडवत राहिली. तोवर पलीकडे फुलाबाईचाही धीर सुटला होता. छापा पडला आणि दोघी एकदम ओरडल्या.

"तुमच्या मशिनींना इहिनी नसत्यात," तिनं कौस्तुभला ठणकावलं.

गोरखला आता राहवेना. लाज गेली पाण्यात. तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडला, "सोनम, बरी हायेस न्हवं?"

बायकोचं नाव, तेही हाळी देऊन. गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. पलीकडे फुलाबाईनंही. दोघी विहिणी एकदमच गप्प झाल्या आणि या खेपेला गप्पच राहिल्या.

मग पलीकडच्या काठावरच्या घरातून आवाज आला. बारीक, दमलेला, पण तिचाच.

"गोरख, म्या बरी हाय. पोरगी झाली. तुज्यावानी रडतीया."

नाव तिनंही घेतलं होतं. गोरख पाण्यातच मटकन खाली बसला आणि खरोखरच रडायला लागला.