ड्रमपुढचा साक्षात्कार

मेकॅनिकला साक्षात्कार झाला तो एका गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये, नुकत्याच दुरुस्त केलेल्या वॉशिंग मशीनसमोर उकिडवा बसलेला असताना. काचेआड कुणाचा तरी पायजमा गरगरत होता आणि अचानक त्याला कळलं की आपण पायजमा नाही. पाणीही नाही. आपण फक्त काचेबाहेरून बघणारे. मोठा भाऊ जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते, आणि छातीवर बसलेला धोंडा त्या क्षणी नाहीसा झाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं.

पण तो कसला थांबतोय. त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीत दादाच्या घरी गेला आणि रडून डोळे सुजलेल्या वहिनीला हसतमुखाने म्हणाला, "वहिनी, कोणी गेलेलं नाही. जाणारा कोणी नव्हताच."

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याला दारापर्यंत नेलं आणि दार लावून घेतलं.

तीन महिने झाले, ते उघडलं नव्हतं. ज्या घरात शिरताना तो चप्पल काढता काढताच चहाची ऑर्डर सोडायचा, त्या घरासमोरून आता मान खाली घालून जायचा. साक्षीभावाने, अर्थात. दुरुस्तीच्या दुकानात साहेब ओरडला तरी साक्षीभाव, दूध उतू गेलं तरी साक्षीभाव. दुकानातले लोक त्याला महाराज म्हणू लागले, आणि महाराजांना ते मनातून आवडलंसुद्धा. शेवटी बायको म्हणाली, "दूध उतू जायला लागलं की धावत येऊन गॅस बंद करणारा एक माणूस या घरात होता. तो मला परत हवाय." आणि तिने त्याला थेरपिस्टकडे धाडलं.

पहिल्या तीन भेटींत त्याने थेरपिस्ट बाईंना अध्यात्म शिकवलं. बाईंनी निमूटपणे शिकून घेतलं. चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, "भावावर शेवटचे कधी चिडला होतात?"

"राग म्हणजे खरं तर फक्त एक लहर..."

"कशावरून, एवढंच सांगा."

"खिशांवरून," तो म्हणाला. "सुतार माणूस. खिशात स्क्रू, खिळे, काय वाट्टेल ते. तसेच कपडे मशीनमध्ये टाकायचा."

धोंडा परत येईल की काय, या भीतीने तो वेळ संपायच्या आधीच खुर्चीतून उठला.

"वहिनींना भेटा," बाई म्हणाल्या. "फक्त काही समजावू नका."

भेटायचा धीर झाला नाही. पण दोन दिवसांनी दुकानात तक्रार आली: मशीनमधून पाणी बाहेर जात नाही. पत्ता वहिनीचा. दिराला सोडून कोणालाही पाठवा, असं तिने बजावून सांगितलं होतं. त्याने तक्रारीची चिठ्ठी गुपचूप खिशात घातली.

वहिनीने दार उघडलं आणि त्याच्याकडे न बघता मशीनकडे बोट केलं. त्याने जमिनीवर आडवं होऊन खालचं झाकण काढलं, फिल्टर फिरवून ओढला. गढूळ पाण्याबरोबर हातात आले दोन स्क्रू आणि सुतारी पेन्सिलीचा चपटा तुकडा, टोकाशी दातांनी चावलेला.

"शंभर वेळा सांगितलं होतं," तो म्हणाला. "खिसे बघ, खिसे बघ. पंप जळला तर कोण येणार? मीच ना? दर वेळी मीच." आवाज चढत गेला. "कधी कुणाचं ऐकशील तर शपथ. आणि छातीत दुखत होतं, तेवढं तरी सांगायचंस ना रे गाढवा."

मग मात्र तो त्या घाण पाण्यात बसून लहान मुलासारखा रडला. काचेबाहेरून बघणारा तो जो कोणी होता, तो ऐन वेळी कुठे पसार झाला कोण जाणे. तुंबलेल्या मशीनची ही हकीकत थेरपिस्ट बाईंना सांगायची नाही, एवढं मात्र त्याने रडता रडताच ठरवलं. त्या तासभर सोडणार नाहीत.

"चुकलं, वहिनी," तो बाहीने तोंड पुसत म्हणाला. "जास्तच बोललो."

वहिनी त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर येऊन बसली.

"थांबू नका, भाऊजी," ती म्हणाली. "तीन महिने सगळे त्यांच्याबद्दल नुसतं गोड बोलतायत. मला वाटायला लागलं होतं, गेले ते दुसरेच कोणीतरी." तिने पेन्सिलीचा तुकडा त्याच्या हातातून घेतला. "ओल्या टॉवेलचं सांगू तुम्हाला? रोज पलंगावर."

"सांगा," तो म्हणाला, आणि तिथेच मांडी घालून बसला.