बायकांच्या प्रार्थनेतलं

माझी बायको कृपाबाई वारली तेव्हा तिचा हात नकुशीच्या हातात होता. मी पाणी आणायला उठलो होतो. त्या पोरीवर माझा राग मात्र त्याच्याही आधीचा.

नकुशी विशीतली. तिचा बाप सावळाराम शिरूरला मिशनच्या मळ्यात कामाला. अठ्ठावन्न साली गावातल्या हौसरावने तिच्यावर जबरदस्ती केली. ती त्याच संध्याकाळी बायकांच्या प्रार्थनेला आली आणि तिने ते कृपाबाईला सांगितलं. मला कळलं तिसऱ्या दिवशी, सावळारामने फिर्याद दिल्यावर, तेही चावडीवर. बायको शेजारी झोपत होती आणि बोलली नव्हती.

पुण्याच्या कोर्टात कृपाबाईची साक्ष झाली तेव्हा न्यायाधीशांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"काय विचारलं गं?" ती बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"विचारायचं ते," एवढंच म्हणाली.

हौसरावला सक्तमजुरी झाली. त्याने मुंबईला हायकोर्टात अपील केलं. ते लागेपर्यंत कृपाबाई गेली.

"आता साक्षीला कोन उभं ऱ्हानार, याकोबमामा?" सावळाराम रडकुंडीला आला. म्हणून मी त्याच्याबरोबर मुंबईला गेलो.

तिथं साक्षीला कुणीच उभं राहत नाही. पुण्यात लिहून घेतलेलंच दोन जज्ज तपासतात. बोलणं इंग्रजीत. सरकारी वकिलांचा कारकून आम्हाला हळूच मराठीत सांगत होता.

हौसरावचा वकील म्हणाला, "मुलीच्या शब्दाला आधार एकट्या कृपाबाईचा. ती म्हणते, त्याच संध्याकाळी ऐकलं. मग नवऱ्याला का सांगितलं नाही? हे मागून रचलेलं आहे."

माझाच प्रश्न त्याने विचारला होता. मला बरंसुद्धा वाटलं. मग शेजारी सावळाराम डोळे मिटून प्रार्थना पुटपुटताना दिसला.

जज्जांनी विचारलं, "हे तिला तेव्हा विचारलं होतं का?"

सरकारी वकिलांनी कागद उलटले आणि तेवढं मराठीतच वाचलं: "नवऱ्याला सांगितलं नाही. बायकांच्या प्रार्थनेतलं आम्ही घरी नेत नाही. ते माझं नव्हतं, तिचं होतं. तिनं बापाला सांगितलं, मग मी तोंड उघडलं."

कृपाबाई अशीच बोलायची. परका माणूस तिचं बोलणं वाचत होता आणि मला त्याचाही हेवा वाटला.

जज्ज म्हणाले, "पुण्याच्या न्यायाधीशांनी या बाईला समोर पाहून विश्वास ठेवला. तो मोडायला आम्हाला कारण दिसत नाही." शिक्षा कायम झाली.

शिरूरला परतलो तो थेट कबरस्तानात गेलो. नकुशी कृपाबाईच्या कबरीवरचं गवत उपटत होती. निकाल सांगितला तशी ती रडायला लागली.

ती शांत झाल्यावर मी विचारलं, "प्रार्थनेत ती माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

"व्हय मामा, लई."

"काय?"

तिने पदराने डोळे पुसले. "ते तिथलंच हाय. न्हाई सांगायचं."

मीही गवत उपटायला बसलो. पायाकडचं तिला काढू दिलं. उशाकडच्या गवताला मात्र मी तिला हात लावू दिला नाही.