तक्रार आलेली नाही

लटारूभाऊनं चहासुद्धा घेतला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, येत्या एक तारखेले खोल्या खाली करून द्या. खाणीच्या ठेकेदाराची मानसं येऊन राह्यली."

नीलिमा खोब्रागडे नुकतीच ऑफिसातून आली होती, खांद्यावरची पर्सही अजून उतरली नव्हती. चार वर्षांपासून ती आई सुगंधाबाईला घेऊन लटारूभाऊच्या दोन खोल्यांत राहत होती. नोकरी नगरपंचायतीत, बांधकाम परवानगीच्या टेबलावर. पलीकडच्या डोंगरावर लोखंडाची खाण निघाली आणि बघता बघता गावातल्या गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळायला लागला.

"भाऊ, भाडं वाढवा थोडं. एकदम खाली काऊन?"

"थोड्यानं का होते? ते तिप्पट देऊन राह्यले. तुम्ही देत असान तर राहा, माहं काही भांडन नाई."

"तिप्पट म्हणजे अर्धा पगार गेला माझा."

"मंग मी का करू? बाजार हाय. मी का धर्मशाळा काढली?" लटारूभाऊ आता रंगात आला. "अन् खरं सांगू का, ह्याले तुमचंच हाफिस जबाबदार हाय. माह्या वरच्या माळ्याची फाईल कुठी पडून हाय? तुमच्याच टेबलावर. अर्ध्या गावाले कागदावर झुडपी जंगल करून ठेवलं. एक झाड नाई तिथी, पन बांधाले बंदी. उरलेल्या अर्ध्यात तुमचे नियम. मानसं वाढून राह्यले अन् खोल्या वाढू देत नाई. मंग भाडं चढन नाई तर का? सरकार बाजूले करा, पाहा कसं स्वस्त होते ते."

तो गेला तरी नीलिमाच्या कानशिलात ठणकत राहिलं. त्याचं निम्मं खरं होतं, म्हणून जास्तच. फाईल तिच्याच टेबलावर होती, पण सही मुख्याधिकाऱ्यांची लागत होती, आणि ते प्रत्येक खेपेला नवी त्रुटी काढून फाईल परत टाकत होते.

मग घर शोधणं सुरू झालं. कुठं फलक लागलेला, कुठं नुसतंच तोंडी ऐकलेलं. एका घरी मालकीण खोली दाखवता दाखवता म्हणाली, "अन् आडनाव काय म्हनलं?" नीलिमानं सांगितलं. मालकिणीला लगेच आठवलं की खोली कालच पुतण्याला देऊन टाकली. संतापानं नीलिमाची पावलं रस्ताभर आपटत राहिली. दुसऱ्या घरी ठेकेदाराचा मॅनेजर आधीच गाद्या मोजत बसला होता. तिनं त्यालाच सुनावलं, "तुमच्यामुळं गावातल्या लोकांना राहायला जागा उरली नाही."

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मालिक जो माँगता है वो हम देते हैं. आपकी सरकार क्वार्टर की परमिशन दे, तो हम क्यों आएँगे यहाँ?"

शेवटी एका नर्सनं गुणाबाईचं नाव सांगितलं.

तलावामागं गुणाबाईनं आठ पत्र्याच्या खोल्या ओळीनं काढल्या होत्या. तिथं पूर्वी तिचा नवरा बकऱ्या चारायचा. तो वारला, बकऱ्या विकल्या, खोल्या उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या नर्सा, एसटीचा एक कंडक्टर, कॉलेजच्या पोरी असे भाडेकरू. विहिरीवरचा पंप दिवसातून एकदाच चालायचा. पंखा दुपारी फिरताना दिसला तर गुणाबाई बाहेरून ओरडायची, "लाईट का तुह्या बापाचा हाय?" पण भाडं लटारूभाऊच्या निम्म्याहून कमी, आणि आडनाव तिनं विचारलं नाही.

जमीन झुडपी जंगलाची आहे हे नीलिमाला पाहताक्षणीच कळलं. रोज तीच तर लोकांना सांगायची, इथं बांधता येत नाही. सामान उतरवताना तिची मान वर होईना. सुगंधाबाई मात्र खूश. सांजेला गुणाबाईच्या ओट्यावर बसून दोघी लाखोळीची भाजी निवडायच्या आणि आरमोरीकडच्या लग्नांच्या गोष्टी करायच्या.

उन्हाळा लागला तसं लटारूभाऊचं गणित फिसकटलं. ठेकेदाराचे स्वयंपाकी, ड्रायव्हर हळूहळू गुणाबाईकडं सरकायला लागले. भाड्याचे पैसे त्यांच्याच पगारातून कापले जात होते. स्वस्त कुणाला नको? गुणाबाईनं आणखी चार खोल्यांचे खांब रोवले. त्याच आठवड्यात लटारूभाऊ नगरपंचायतीत आला आणि नीलिमाच्या टेबलावर अर्ज ठेवला.

"झुडपी जंगलात बांधकाम चालते का मॅडम? तुम्हीच सांगा. कायद्यानं पाहा."

नीलिमा अर्जाकडं पाहतच राहिली. "भाऊ, नियमानं गावाची वाट लावली असं तुम्हीच म्हणत होते ना?"

"ते माह्या माळ्यासाठी म्हनलं," तो जराही न लाजता म्हणाला. "हे तिच्या खोल्यांसाठी हाय."

नीलिमाला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि ह्याच्या कपाळात घालावा. तिनं अर्ज उचलला आणि आत नेऊन मुख्याधिकाऱ्यांपुढं ठेवला. मुख्याधिकारी तिकडचे, सांगलीकडचे. बदलीची वाट पाहत दिवस काढणारे.

"अतिक्रमण आहे. नोटीस काढा, आठवड्यात पाडून टाका," ते म्हणाले.

"सर, त्याच जमिनीवर पलीकडं ठेकेदाराच्या मजुरांचा कॅम्प आहे. दोनशे माणसं राहतात."

"तो तात्पुरता आहे. पत्र्याचा."

"गुणाबाईचेही पत्रेच आहेत."

"कॅम्पची तक्रार आलेली नाही." त्यांनी चष्मा काढला. "नीलिमा मॅडम, तुम्ही स्वतः तिथंच राहता, हे मला माहीत नाही असं समजू नका. मी काही बोललो नाही अजून. आणि भाडी वाढली त्याला मी काय करू? खाणकंपनीला विचारा. बाजार आमच्या हातात असता तर आम्ही इथं कशाला बसलो असतो?"

बाहेर येऊन तिनं नोटिशीचा कोरा नमुना काढला आणि भरायला घेतला. लटारूभाऊ सरकारकडं बोट दाखवतो, मॅनेजर सरकारकडं, सरकार कंपनीकडं. सगळी बोटं दुसरीकडं, आणि गाठोडं मात्र गुणाबाईचं बाहेर पडणार. आणि तिच्या आईचं.

नोटीस शिपायाकडं देता आली असती. पण ते भ्याडपणाचं वाटलं. ती स्वतः गेली. गुणाबाई बादलीत कपडे पिळत होती.

"बाई, बसा जरा. ऑफिसातून नोटीस हाय."

गुणाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग ओली साडी दोरीवर न टाकता तशीच बादलीत आपटली. "माह्या खोलीत झोपते, माह्या विहिरीचं पानी पेते, अन् माह्याच दाराले कागद चिकटवते? तुले लाज नाई वाटत?"

"वाटते. म्हणून मीच आली."

"मोठी आली! खोली खाली कर. आत्ताच!"

"गुणाबाई, तिचं का चुकलं?" सुगंधाबाई मधे पडली. "पगार खाते ते पोरगी. नाई आनली तर दुसरा आनन."

"मंग दुसऱ्यानं आनाची होती!"

हे नीलिमाला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्यानं आणली असती तर ती अजूनही गुणाबाईच्या ओट्यावर बसू शकली असती. पण आता राग आत मावेना. ती तशीच नर्सांच्या खोलीत गेली. तिथं रिना आणि दिव्यानी ड्युटीवरून येऊन जेवायला बसल्या होत्या.

"साहेब म्हणतात, कॅम्पची तक्रार आलेली नाही," ती म्हणाली. "तर करू आपण तक्रार. मी लिहितो. सही कोण करते?"

"तुमची नोकरी मॅडम?" रिना म्हणाली.

"नोकरीले काय चाटू? राहाले जागा नाई."

दिव्यानीनं हात धुतले आणि पहिली सही केली. कंडक्टरनं केली. कॉलेजच्या पोरींनी केली. एक अर्ज कॅम्पविरुद्ध. दुसरा लटारूभाऊविरुद्ध, परवानगी नसताना त्यानं वरच्या माळ्याचा स्लॅब केव्हाच टाकून ठेवला होता, सारं गाव येता-जाता पाहत होतं. सकाळी नीलिमा ऑफिसात मागच्या नाही, समोरच्या दारानं आली, इतर लोकांसारखी खिडकीत उभी राहिली आणि स्वतःच्याच ऑफिसचा पोचेचा शिक्का अर्जांवर मारून घेतला.

मुख्याधिकारी लाल झाले. "हा काय तमाशा आहे?"

"तक्रार आली सर. आता सगळ्यांचंच पाडा. कॅम्प, माळा, खोल्या. मी स्वतः नोटिसा चिकटवते. नाहीतर कुणाचंच नका पाडू."

"तुम्ही शासकीय कर्मचारी आहात!"

"भाडेकरू पण आहे. ते तुम्ही कुणी धरतच नाही."

दुपारी लटारूभाऊ तणतणत आला, ठेकेदाराचा मॅनेजर आला, दोघं तासभर आत बसले. बाहेर आल्यावर लटारूभाऊनं तिच्याकडं पाहिलंही नाही. कॅम्पला हात लावायची साहेबांची टाप नव्हती, आणि आता एकट्या गुणाबाईला हात लावायचीही सोय उरली नव्हती. तिन्ही प्रकरणं 'मार्गदर्शनासाठी' जिल्ह्याला गेली. मार्गदर्शनाला गेलेली फाईल कधी परत येते हे त्या टेबलावर बसणारीला चांगलं माहीत होतं. ज्या दिरंगाईनं गाव महाग केलं होतं, त्याच दिरंगाईनं खोल्या वाचल्या. ह्यावर हसावं की थुंकावं, तिला कळेना.

पंधरवड्यात तिची बदली सिरोंच्याला झाली. तोवर गुणाबाईनं तिला काढलं नव्हतं, पण बोलणंही टाकलं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी ती दारात आली.

"तुही आई म्हनते, मले इथीच राहू दे. तिकडं तेलुगू बोलतेत, तिले कोन भेटन? ठेवतो मी. पन भाडं वाढवून राह्यली एक तारखेपासून. सगळ्यांचंच."

नीलिमा पेटी भरत होती, ती तशीच उठली. "तुम्ही पण?"

"मंग? कधी पाडतीन त्याचा भरोसा हाय का? वकिलाकडं गेली होती. फुकट बोलत नाई तो. चार खोल्यांचे खांब तसेच उभे, त्याचं कर्ज कोन भरन, लटारू?"

"ह्या पोरींनी तुमच्यासाठी सह्या केल्या, बाई! आपल्या नावानं, उघड!"

"मी का नाई म्हनते? दुसरीकडं गेल्या तर ह्याच्या दुप्पट पडन त्यायले. माहं तरी कमी हाय."

अगदी लटारूभाऊचाच सूर. नीलिमाला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ती ओरडली. रिना, दिव्यानी बाहेर आल्या, कंडक्टर आला. गुणाबाई ऐकत उभी राहिली. तिचे डोळे भरले, पण भाडं काही तिनं मागं घेतलं नाही.

सुगंधाबाईनं आपली सतरंजी गुंडाळली, नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून पदरानं पुसला आणि पेटीत घातला.

"मी येतो तुह्यासंगं," ती म्हणाली. "तेलुगू तर तेलुगू."

सकाळच्या गाडीत जागा नव्हती. नीलिमानं आईला कंडक्टरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः आष्टीपर्यंत उभी राहिली, दातांवर दात दाबून.