बाबांच्या दाखल्याच्या चार प्रती

महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर मी ड्युटीला असतो. आत जाणाऱ्याचा पास बघायचा, बाहेर येणाऱ्याचा डबा उघडायला लावायचा, गाडीच्या डिकीत डोकवायचं. सतरा वर्षं हेच करतोय. बायको, सरिता, म्हणते, "तुम्ही घरी येता तेव्हा गेट पण तुमच्याबरोबर येतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचासुद्धा आधी वास घेऊन बघता." खोटं नाही ते. पण माणसाने डोळे मिटून जगावं असे दिवस राहिलेत का? या सवयीने माझं आजवर काही बिघडलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी मी रजा टाकून नगरपालिकेत गेलो, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला. त्याआधी कुडपणच्या ग्रामपंचायतीत फोन करून भांडून झालं होतं. माझे बाबा, श्रीपत, जन्मभर कुडपणला राहिले, तर त्यांच्या मरणाची नोंद तुमच्याकडे नाही कशी, असं मी ग्रामसेवकाला दरडावून विचारलं. तो म्हणाला, "माणूस जिथे जातो तिथे नोंद होते. तुमचे वडील महाडच्या दवाखान्यात गेले ना? मग महाडलाच मिळेल." हे मला कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दोन प्रती मीच तिथून काढल्या होत्या आणि घर बदलताना हरवल्याही होत्या.

आता प्रती कशाला हव्या होत्या तेही सांगून टाकतो. कुडपणच्या पठारावर जागा बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या चढायला लागल्यात, असं कानावर आलं होतं. आमची तिथे सव्वादोन एकर. सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव. आधी वारस नोंद करून घ्यायची आणि मग कोण काय भाव देतो ते बघायचं, असा माझा बेत होता. आई तिथे एकटी राहते. तिला अजून काही बोललो नव्हतो. सगळं ठरलं की सांगणार होतो.

दाखल्यांच्या खिडकीवर प्रियदर्शिनी मॅडम बसतात. त्यांनी माझा अर्ज घेतला, आधार कार्ड बघितलं आणि कॉम्प्युटरवर नोंद काढली.

"किती प्रती?"

"तीन द्या."

त्या जरा थांबल्या. "याच्या चार प्रती अलीकडेच गेल्यात. घरात बघितलंत का नीट?"

"कोणी नेल्या?"

मॅडमनी शेजारची वही ओढून पानं मागे उलटली. "काशीबाई श्रीपत, पत्नी. अंगठा आहे. सप्टेंबरात एक, नोव्हेंबरात एक, जानेवारीत एक, आणि ही गेल्या महिन्यातली. तुमच्या आईच ना?"

आईच होती. अंगठ्याच्या बाजूला एक फोन नंबर लिहिलेला होता. तो मी माझ्या मोबाईलमध्ये घातला, तर वर नाव आलं सुनीलचं. सुनील म्हणजे माझ्या चांगूकाकांचा मुलगा. पोलादपूर ते कुडपण जीप चालवतो आणि आईच्या घराशेजारीच राहतो. माझं डोकं तिथेच फिरलं.

एका जमिनीला एक दाखला पुरतो. चार कशाला लागतात? चार गिऱ्हाइकं असली तरच लागतात. आणि माझी आई, जिला घाटात गाडी लागते, ती सहा महिन्यांत चार वेळा महाडला आली. नगरपालिकेपासून माझं घर चालत दहा मिनिटांवर. चारही वेळा तिने घराकडे पाऊल वळवलं नाही. मनात काही नसतं तर आली नसती का?

घरी येऊन सरिताला सगळं सांगितलं. ती मिरच्या निवडत होती.

"अहो, मग फोन करून विचारा ना आईंना."

"फोन केला की सावध होतील."

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली.

"चोर कोण?"

"म्हण आहे हो ती," असं म्हणून तिने मिक्सर चालू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलादपूरला तलाठ्याकडे गेलो. कुडपणच्या श्रीपत यांच्या जमिनीवर वारस नोंदीचा किंवा विक्रीचा काही अर्ज आलाय का, असं विचारलं. त्यांनी बघून सांगितलं, "काहीच नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि सातबारा काढून हातात दिला. वर बाबांचं नाव जसंच्या तसं होतं. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. मला वाटलं, हाही त्यांना सामील असणार. पुरावा मिळत नाही म्हणजे काम फार हुशारीने चाललंय, असा मी निष्कर्ष काढला.

नाक्यावर सुनीलचीच जीप उभी होती. मला बघून त्याचा चेहरा जरा उतरला. तेवढं मी बरोबर टिपलं.

"दादा, तू? बस पुढं." गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "काकीला सांगितलायस, येतोयस म्हणून?"

"का? सांगून यायला पाहिजे होतं?"

"तसं नाय. बरं झालं आलास. चौदा महिने झाले."

"तू मोजत बसला होतास?"

"मी नाय. काकी मोजते."

पुढे घाट संपेपर्यंत तो वळणं बघत होता आणि मी त्याला. मागे बसलेल्या दोन बायका लग्नाच्या गप्पा मारत होत्या. त्यांच्यासमोर विषय काढायचा नाही एवढं भान मला होतं. घरी पोचल्यावर दोघांना समोरासमोर उभं करून विचारायचं, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बघायला वेळ मिळत नाही, असं मी ठरवलं.

आई अंगणात सुपात नाचणी पाखडत बसली होती. मागच्या वेळेपेक्षा बारीक झाली होती. एक पाय लांब करून बसली होती, गुडघा वाकत नसावा.

"आलास?" ती म्हणाली. "जेवलास का रे?"

मी बसलो नाही. सुनीललाही जाऊ दिलं नाही. "तू पण थांब इथे," म्हटलं. "आये, नगरपालिकेत तू चार वेळा अंगठा दिलास. बाबांच्या दाखल्यावर. कोणी द्यायला लावला?"

आईने सूप खाली ठेवलं. तिने सुनीलकडे बघितलं, आणि माझी खात्रीच पटली.

"त्याच्याकडे काय बघतेस? मी सांगतो. जमीन विकायला काढलीय यानं. तुला जीपमधनं फिरवायचं, गोड बोलायचं आणि अंगठा घ्यायचा. किती ठरले रे सुनील? का चार जणांकडनं चार वेळा घेणारायस?"

"दादा, तोंड सांभाळ," सुनील म्हणाला. "काकीला न्यायला-आणायला मी आजपर्यंत भाडं घेतला नाय."

"तेच म्हणतोय मी. फुकट कोण नेतं आजकाल?"

"सुनील, तू गप ऱ्हा," आई म्हणाली. भिंतीला हात लावत ती उठली, आत गेली आणि खताच्या पिशवीची शिवलेली एक थैली घेऊन आली. ती तिने माझ्या हातात दिली. "वाच. तुला वाचता येतंय."

आत कागद होते. कुठेही जमिनीचं नाव नव्हतं. ते निराधार योजनेचे अर्ज होते, नवरा गेलेल्या आणि आधार नसलेल्या बाईला सरकारकडून महिन्याला मदत मिळते त्याचे. परत आलेल्या अर्जांसोबत चार पोचपावत्या आणि नामंजुरीची तीन पत्रं. प्रत्येक अर्जाला काय काय जोडलं त्याची यादी होती आणि प्रत्येक यादीत पहिलाच कागद होता पतीच्या मृत्यूचा मूळ दाखला.

माझा संशय इतक्या लवकर मरायला तयार नव्हता. "मग दर वेळी नवा दाखला कशाला? एक काढायचा आणि झेरॉक्स लावायची."

"झेरॉक्स म्हंजी खोटा कागद," आई म्हणाली. "त्यात शिक्का काळा येतो. खरा शिक्का निळा असतो. सरकारला खोटा कागद कसा द्यायचा?"

"मी शंभर वेळा सांगितलं," सुनील म्हणाला. "हापिसातल्यांनी पण सांगितलं, म्हातारे, झेरॉक्स चालते. ऐकत नाय. आणि अर्ज परत आला तरी दाखला काय परत येत नाय, तो तिकडं फायलीत ऱ्हातो. मग पुन्हा महाड."

चार प्रतींचा हिशोब लागला. पण अर्ज तीन वेळा परत का आला, ते मी नामंजुरीच्या पत्रात शोधायला लागलो. तिन्ही पत्रांत कारण एकच होतं. अर्जदाराचा मुलगा नोकरीस असून तो अर्जदाराचा सांभाळ करतो, सबब अपात्र.

मी अर्ज उलटला. मागच्या बाजूला कुटुंबाची माहिती होती, सुनीलच्या अक्षरात. 'मुलगा अरविंद महाड येथे नोकरीस आहे. तो दर महिन्याला घरी येतो व माझा सर्व सांभाळ करतो.' खाली आईचा अंगठा. दुसऱ्या अर्जात तीच ओळ. तिसऱ्यात तीच. चौथ्या अर्जाच्या पोचेला एक चिठ्ठी टाचलेली होती आणि तिच्यावर कोणीतरी पेनने लिहिलं होतं, 'ही ओळ खरी आहे का ते बघून अर्ज दुरुस्त करून आणावा.'

"ही ओळ कोणी घातली?"

"काकीनं," सुनील म्हणाला. "मी म्हटलं, काकी, ह्या एका ओळीपायी अडलंय. नको घालू. तर म्हणते, तू लिव. नाय लिवलंस तर दुसऱ्याकडनं लिवून घेईन."

मी पायरीवर बसलो. मला लाज वाटली. त्याच्याआधी थोडा वेळ रागच आला, की हिने मला असं का पकडावं, आणि मग तो रागही टिकला नाही. चौदा महिन्यांत मी एकदाही घाट चढलो नव्हतो. सणाला फोन केला होता. काही हवं का विचारलं होतं, ती नको म्हणाली होती, आणि ते नको मी फार पटकन मान्य केलं होतं.

"महाडला चार वेळा आलीस," मी म्हटलं. "घरी का नाय आलीस?"

"आले असते तर तू विचारला असतास, कशाला आलीस. मग काय सांगायचं? औषध सरलं म्हणून निराधाराचा अर्ज करायला आलंय, असं सुनेच्या पुढं सांगायचं?"

सुनील अजून उभाच होता. "दादा," तो म्हणाला, "जमीन विकायचं हे तुझ्या डोक्यात आलं कुठनं? आमी तर कुणाशी बोललो पण नाय."

"मीच विकणार होतो," मी म्हणालो. "त्यासाठीच दाखले काढायला गेलो होतो."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग त्याने जीपची किल्ली खिशात टाकली आणि आईला विचारलं, "काकी, पाणी आणून ठेवू का?" ती नको म्हणाली. तो त्याच्या घराकडे गेला. त्याची माफी मी मागायला हवी होती. तेव्हा जमलं नाही, संध्याकाळी मागितली, आणि तो "जाऊ दे" म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

आई पुन्हा सुपाजवळ बसली. मी तिच्यासमोर अर्ज धरला.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर पोलादपूरला. साहेबांच्या पुढं सांगतो, हे खरं नाय, मी काही बघत नाय. लिहून देतो. मग होईल मंजूर."

"नको."

"अगं, तुला मिळायला पाहिजे ते. तुझा हक्क आहे."

"नको म्हटलं ना. तुझा बाप जाऊन दोन वरसं झाली. तरी त्याचा कागद मागितला की मिळतोय. तसा तू लिवून दिलेला कागद बी मिळंल, कवाबी, कुणालाबी. तुझी पोरगी श्रुतिका उद्या शिकंल, कुठल्या हापिसात बसंल. तिच्या हाती कागद आला, आजीला बापानं सांभाळलं नाय म्हणून, तर?"

मी म्हटलं, असे कागद असे कोणाला मिळत नाहीत. तिला ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो मुद्दाच नव्हता.

तिने सूप हातात घेतलं, एकदा पाखडलं आणि पुन्हा थांबली.

"मी झेरॉक्स दिली नाय त्यांना कवा," ती म्हणाली. "सगळं खरं दिलं. हे एवढं एकच खोटं दिलंय, तुझ्यापायी. ते खोडू नको. खरं कर."