लंगडा ठेका

इंदापूरच्या एसटी स्टँडवर सोनबाच्या डोक्यात तिडीक गेली. कॅसेटच्या टपरीवर गिटार किंचाळत होतं आणि त्याच्याखाली ढोल घुमत होता. ढोल सोनबाचाच होता आणि ठेका चुकीचा होता. तो त्यानंच मुद्दाम चुकवला होता.

एक्क्याण्णव साली ‘दोरोकाझे’ नावाचा जपानी बँड सोनबाच्या गावी, वरकुट्याला आला होता. केस रंगवलेले चौघे, विजेची गिटारं, त्यांच्या देवळातले नगारे आणि देशोदेशीची वाद्यं यांची खिचडी करणारे. तेव्हा त्यांना त्यांच्या गावातही कुत्रं विचारत नव्हतं. सरपंचानं हौसेनं सोनबाला बिरोबापुढं गजी नाचाचा ढोल घेऊन उभं केलं. त्यांच्यातला एक जण ढोल टेप करायचा माईक लावायला बुटांसकट देवाच्या घोंगडीवर चढला. गावानं चकार शब्द काढला नाही, उलट चहा पाजला. सोनबानं प्रत्येक फेरीतला शेवटचा ठोका गाळला. न्या म्हणावं लंगडा ढोल. त्याच दिवशी त्यानं गावावरच्या रागानं ढोल खुंटीला टांगला. खरा ठेका त्याच्याच घरात चालत आलेला, बाकीचे त्याच्यामागं वाजवायचे. पुढं सात वर्षं गावानं जत्रा सनईवर भागवली.

तेवढ्या काळात त्या लंगड्या ढोलावर ते चौघे मोठे झाले. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मैदानं भरून माणसं. पुण्याच्या पेपरात फोटो आला, बारामतीत कॅसेटच्या नकला निघाल्या, वराती त्यावर नाचू लागल्या. सोनबा दातओठ खात गप्प राहिला. बोलावं तर आपलीच खोट उघडी पडणार होती.

पण यंदाच्या जत्रेत त्याचा लेक समाधान दहा ढोल घेऊन बिरोबापुढं उभा राहिला आणि दहाही ढोल लंगडत वाजू लागले. सोनबानं गर्दीतून घुसून लेकाच्या हातातली काठी हिसकावली.

“देवाम्होरं लंगडा ढोल? शेवटचा ठोका कुठं गेला?”

“आबा, ह्यो तुमचाच ठेका हाय. जपानात बी ह्योच वाजतोय.”

“त्यो खोटा हाय. मी मुद्दाम खोटा वाजवला व्हता.”

ढोल थांबले. त्या दिवशी चहा पाजणारे म्हातारे खाली बघू लागले. समाधानचा चेहरा मात्र लाल झाला.

“मग खरा कुणाकडनं शिकायचा व्हता आमी? सात वर्सं तुमी ढोलाला हात लावू दिला न्हाय. कॅसेटनं शिकवला, त्यो शिकलो.”

सोनबाला राग आला पोराचा, गावाचा, त्या बुटांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातांचा. त्यानं समाधानच्या गळ्यातला ढोल काढून आपल्या गळ्यात अडकवला आणि पायताण काढून घोंगडीच्या कडेला उभा राहिला.

“कान हिकडं द्या,” तो खेकसला. “शेवटचा ठोका कुणी गाळला तर गाठ माझ्याशी हाय.”